संथ धाव आणि ब्लूज : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या सदरात संथ धावण्याच्या सरावाविषयी लिहिताना, ‘अशा वेळी मी स्वतः ब्लूज ऐकतो’ असे एक वाक्य ओघात लिहून गेलो होतो. ब्लूज म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय समाजातून आलेले संगीत. मूळ लेखातल्या आहार-विश्रांतीच्या सूचनांवर फारसे कोणी लिहिले नाही. जी पत्रे आली ती जवळजवळ सगळी त्या एका वाक्यावर आली. त्यांपैकी काही निवडून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे.

प्रश्न : मी ४६ वर्षांची असून दोन वर्षांपासून धावते. आठवड्यातले चारपैकी तीन दिवस ‘ईझी रन’ करा, असे आमच्या गटाचे प्रशिक्षक सांगतात. परंतु कानात चित्रपटांतली जलद गाणी लावली की पाय आपोआप उचलले जातात आणि घरी येईपर्यंत मी दमून गेलेली असते. आपण ब्लूजचे नाव घेतलेत. इतके रेंगाळणारे संगीत धावण्यासाठी योग्य कसे असेल? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : आपल्या अडचणीतच उत्तराचा निम्मा भाग आलेला आहे. व्यायाम करताना संगीत ऐकले की तेवढेच श्रम कमी वाटतात, आणि हा परिणाम हलक्या व मध्यम श्रमांच्या वेळी अधिक जाणवतो. श्रम अगदी टोकाला गेले की शरीराच्या हाकेपुढे गाण्याचे फारसे काही चालत नाही. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातले कॉस्टास कॅराजॉर्जिस यांनी या विषयावर दीर्घ काळ संशोधन केले आहे. धावणारे लोक ही गोष्ट संगीताच्या बाजूने सांगतात. मला मात्र ती संथ धावेच्या बाबतीत धोक्याची वाटते. श्रम कमी वाटणे म्हणजे श्रम कमी होणे नव्हे. ज्या दिवशी हळू धावायचे ठरले आहे त्या दिवशी आपल्याला त्रास थकव्याचा नसतो, नकळत वाढणाऱ्या वेगाचा असतो. जलद गाणे तो वेगही वाढवते आणि वाढल्याची जाणीवही बोथट करते.

संथ धावेचा उद्देश हृदयाला व स्नायूंना दीर्घ काळ, पण हलक्या हाताने काम देण्याचा असतो. त्यातून स्नायूंतल्या केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, पेशींमधली ऊर्जा तयार करणारी तंतुकणिका नावाची केंद्रे वाढतात आणि चरबीचा इंधन म्हणून वापर करण्याची शरीराची सवय सुधारते. स्टीफन सायलर या अभ्यासकाने निरनिराळ्या खेळांतल्या अव्वल सहनशक्तीपटूंचे सराव तपासले, तेव्हा त्यांची सुमारे ८० टक्के सत्रे कमी तीव्रतेचीच असल्याचे त्यांना दिसले. आपले प्रशिक्षक चारांतले तीन दिवस सांगतात ते याच हिशेबाच्या जवळपासचे आहे. आपल्यासारख्या हौशी मंडळींची चूक अशी की आपले संथ दिवस पुरेसे संथ नसतात आणि त्यामुळे जलद दिवशी पायांत काही उरत नाही.

आता ब्लूजकडे येऊ. या संगीतात घाई करणे हे कच्चेपणाचे लक्षण मानले जाते. उत्तम वादक मात्रेच्या किंचित मागे राहून वाजवतात. गायक ओळ उशिरा उचलतो, शेवटचा शब्द ओढतो आणि मग स्वस्थ थांबतो, तेव्हा गिटार किंवा माउथ ऑर्गन त्याला उत्तर देते. चार बारांच्या (बार म्हणजे चार मात्रांचा एक गट) एका ओळीत गायन साधारण निम्मे आणि उरलेली जागा वाद्याची, अशी ही वाटणी असते. मला या रचनेचा धावताना फार उपयोग झाला. आरामात बोलता येईल इतक्याच वेगाने धावावे, ही संथ धावेची जुनी कसोटी आहे. परंतु एकटे धावताना बोलायचे कोणाशी? मी गायकाबरोबर ती एक ओळ हलक्या आवाजात म्हणतो. ओळ एका श्वासात, शब्द न तोडता पूर्ण झाली आणि वाद्याचे उत्तर चालू असताना श्वास पुन्हा जागेवर आला, तर वेग बरोबर आहे. ओळ मध्येच तुटली तर वेग कमी करायचा. पुढची ओळ बहुधा तीच असते, कारण ब्लूजमध्ये पहिली ओळ दोनदा म्हणण्याची प्रथा आहे, त्यामुळे परीक्षा लगेच पुन्हा देता येते. घड्याळातला हृदयगतीचा आकडा मी हल्ली क्वचितच पाहतो. सकाळी टेकडीवर फिरायला येणारी ज्येष्ठ मंडळी माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहतात, एवढाच याचा तोटा.

प्रश्न : मी तबला शिकतो. माझी पावले मिनिटाला १६० ते १७० पडतात. बहुतेक ब्लूज गाण्यांची लय याच्या निम्मी किंवा तिसरा हिस्सा असते. मग पावले आणि ठेका जुळायचे कसे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तबल्याचे अंग असलेल्या माणसाने हा प्रश्न विचारला याचा विशेष आनंद झाला, कारण उत्तर तुमच्याच भाषेत देता येते. ब्लूजचा सर्वांत रूढ साचा बारा बारांचा असतो आणि प्रत्येक बारात चार मात्रा धरल्या की एका फेरीच्या ४८ मात्रा होतात. ओळी तीन, म्हणजे दर ओळीला १६ मात्रा, अर्थात त्रितालाचे एक आवर्तन. पहिल्या आवर्तनात ओळ मांडली जाते आणि साथीचा स्वरमेळ, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, षड्जावर उभा असतो. दुसऱ्या आवर्तनात तीच ओळ पुन्हा येते, पण खालचा स्वरमेळ मध्यमावर सरकलेला असतो, त्यामुळे तेच शब्द वेगळ्या उजेडात ऐकू येतात. तिसरे आवर्तन पंचमावरून उठते, पहिल्या ओळीला उत्तर देते आणि षड्जावर परतते. शेवटच्या दोन बारांत पुढच्या फेरीकडे नेणारा एक ठरावीक तुकडा वाजवतात. त्याचे काम समेकडे नेणाऱ्या मुखड्याशी मिळतेजुळते असते.

पावलांचा हिशेब दोन तऱ्हांनी बसतो. मध्यलयीत, समजा मिनिटाला ८० मात्रांचे गाणे असेल, तर दर मात्रेला दोन पावले पडून १६० होतात आणि एक फेरी ९६ पावलांत, ३६ सेकंदांत पूर्ण होते. मात्र इथे एक गंमत आहे. ब्लूजमधला ‘शफल’ नावाचा ठेका मात्रेचे दोन समान भाग करत नाही. तो तिचे तीन भाग करून पहिला आघात दोन भागांचा लांब आणि दुसरा एका भागाचा आखूड ठेवतो. तुमचे दुसरे पाऊल मात्रेच्या बरोबर मध्यावर पडते आणि गिटारचा आखूड आघात त्यानंतर येतो. ८० च्या लयीत हे अंतर सेकंदाचा आठवा भाग इतके असते. पाऊल आधी आणि आघात जरासा मागून, अशी ही झुलती चाल ऐकता ऐकता अंगात भिनते, आणि मला वाटते की पाय मोकळे राहण्याचे हेही एक कारण असावे. काटेकोर यांत्रिक ठेक्यावर धावताना खांदे आवळले जातात, तसे इथे होत नाही.

दुसरी तऱ्हा अतिविलंबित ब्लूजची. मिनिटाला ५६ मात्रांचे गाणे घ्या. त्यातली प्रत्येक मात्रा तीन स्पष्ट तुकड्यांत वाजत असते, म्हणजे मिनिटाला १६८ तुकडे. दर तुकड्याला एक पाऊल टाकले की तुमची नेहमीची गती जशीच्या तशी मिळते, गाणे मात्र बैठकीतल्या विलंबित ख्यालासारखे निवांत चाललेले असते. तीन ही विषम संख्या असल्यामुळे मात्रेचा आघात एकदा डाव्या पायावर आणि पुढच्या वेळी उजव्या पायावर येतो. दादऱ्यात चालून पाहिले असेल तर हे लगेच कळेल. एक फेरी १४४ पावलांची आणि जवळजवळ ५१ सेकंदांची होते. मला हा प्रकार पहिल्यापेक्षा अधिक आवडतो, कारण पाय चालू आणि मन थांबलेले अशी स्थिती त्यात सहज येते.

एवढा हिशेब सांगून झाल्यावर आता तो विसरा, असे सांगावेसे वाटते. १९२० आणि ३० च्या दशकांतल्या एकट्या गायकांच्या ध्वनिमुद्रणांत लय गाण्याच्या ओघात बदलते. जॉन ली हूकर हे ब्लूज गायक-गिटारवादक तर बारा बारांचे बंधनही मानत नसत. मनात येईल तेव्हा स्वरमेळ बदलत आणि साथीदारांची तारांबळ उडे. अशा गाण्यांना पावले जुळवायला गेलात तर गाणेही हातचे जाईल आणि धावही. पाय आपल्या गतीने पडू द्यावेत आणि गाणे त्यांच्या वरून जाऊ द्यावे.

प्रश्न : ही गाणी मुळात गुलामगिरी, तुरुंग, पूर आणि दारिद्र्य यांची. आपण चांगले बूट घालून, स्वतःच्या प्रकृतीसाठी धावताना दुसऱ्यांच्या दुःखाचा पार्श्वसंगीत म्हणून वापर करावा, हे मनाला पटत नाही. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपला आक्षेप मी सहजपणे बाजूला सारणार नाही. ब्लूजचा उगम अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय समाजात, गुलामगिरी कायद्याने संपल्यानंतरच्या काही दशकांत झाला. कायदा बदलला तरी मिसिसिपीच्या डेल्टा भागातल्या कापसाच्या मळ्यांवर बटाईने राबणारी कुटुंबे कर्जातून सुटत नव्हती. शेतात एकट्याने घातलेली लांबलचक साद, टोळीने कुदळ किंवा कुऱ्हाड चालवताना एकाने सांगावे आणि बाकीच्यांनी झेलावे अशी श्रमगीते, आणि चर्चमधली भजने या सगळ्यांचे पाणी या प्रवाहात मिसळले आहे. पार्चमन या मिसिसिपीतल्या तुरुंगशेतावर लोकसंगीताचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस कैद्यांची श्रमगीते ध्वनिमुद्रित केली. त्यांत गाण्याबरोबर कुऱ्हाडींचे घावही ऐकू येतात. ती गाणी मी धावताना ऐकत नाही. १९२७ साली मिसिसिपी नदीला आलेल्या महापुरावर ब्लूज गायक चार्ली पॅटन यांनी १९२९ मध्ये केलेले दोन भागांचे ध्वनिमुद्रणही मी घरी, बसून ऐकतो. तिथे आपल्याशी माझे एकमत आहे.

परंतु सगळे ब्लूज म्हणजे विलाप, ही समजूत त्या लोकांवरच अन्याय करणारी आहे. आठवडाभर राबल्यानंतर शनिवारी रात्री ‘ज्यूक जॉइंट’ म्हटल्या जाणाऱ्या लाकडी खोपट्यांत लोक जमत, पीत, जुगार खेळत आणि पहाटेपर्यंत नाचत. वादकाला पैसे मिळत ते लोकांना नाचवण्याचे. हे प्रामुख्याने नाचाचे संगीत होते. त्यात प्रेयसीने घराबाहेर काढल्याची तक्रार आहे, तशी मालकाची टर आहे, स्वतःची बढाई आहे आणि कुटुंबीयांसमोर अर्थ सांगता येणार नाही असा चावटपणाही भरपूर आहे. आपल्याकडे सुगीत म्हटली जाणारी भलरी घ्या, किंवा जात्यावरची ओवी घ्या. तिच्यात सासुरवासाचे दुःख आहे, पण ती रडत बसण्यासाठी म्हटलेली नाही. दळण उरकावे, हात चालत राहावा, म्हणून ती म्हटलेली आहे. श्रमाच्या लयीतून आलेले गाणे चालत्या शरीराने ऐकणे हे मला त्या गाण्याशी प्रतारणा केल्यासारखे वाटत नाही. खुर्चीत बसून केवळ हळहळत ऐकणे हे त्यापेक्षा अधिक आदराचे आहे, असेही मी मानत नाही. कोण गाते आहे आणि कशाबद्दल गाते आहे हे माहीत करून घ्यावे, एवढी अपेक्षा मात्र रास्त आहे.

प्रश्न : सुरुवात कोणापासून करावी? यादी मोठी नको, दोन-तीन नावे पुरेत. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : पहिले नाव मिसिसिपी जॉन हर्ट. अंगठ्याने खालच्या तारांवर आलटून पालटून न चुकता पडणारा खर्जाचा ठेका आणि वरच्या तारांवर बोटांनी खेळणारी धून, असे त्यांचे वादन होते. दोन माणसे वाजवत आहेत असा भास होतो. आवाज मऊ, गप्पा मारल्यासारखा. १९२८ मध्ये त्यांनी काही गाणी ध्वनिमुद्रित केली, ती फारशी खपली नाहीत आणि ते आपल्या गावी शेतीकामाकडे परतले. पुढे पस्तीस वर्षांनी, १९६३ मध्ये, त्यांच्या एका जुन्या गाण्यातल्या अ‍ॅव्हलॉन या गावाच्या उल्लेखावरून एक चाहता त्यांना शोधत तिथे गेला, तर हर्ट तिथेच होते. त्याच वर्षी ते न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गायले. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले. संथ धावेसाठी एकच गायक निवडा म्हटले तर मी त्यांनाच निवडीन.

दुसरे जिमी रीड. गळ्यात अडकवलेला माउथ ऑर्गन, हातात गिटार आणि आळसावलेला शफल ठेका. त्यांना शब्द आठवत नसत म्हणून पत्नी मेरी ध्वनिमुद्रणाच्या वेळी शेजारी उभ्या राहून ओळी सांगत, आणि काही गाण्यांत त्यांचा आवाज मागे चक्क ऐकू येतो. लक्ष देऊन ऐका. धावताना असा शोध घेण्यात दोन किलोमीटर कधी सरतात ते कळत नाही.

तिसरे बी. बी. किंग यांचा २१ नोव्हेंबर १९६४ रोजी शिकागोच्या रीगल थिएटरमध्ये ध्वनिमुद्रित झालेला कार्यक्रम. तो जेमतेम पस्तीस मिनिटांचा आहे, म्हणजे आठवड्यातल्या एका छोट्या धावेला घड्याळ नको. अडचण अशी की त्यातले पहिलेच गाणे झपाट्याचे आहे आणि समोरचे श्रोते आनंदाने ओरडत असतात. तेवढे गाणे चालत ऐकावे आणि मग धावायला लागावे.

जॉन ली हूकर यांच्या बूगी या नाचऱ्या ठेक्याच्या प्रकारातल्या गाण्यांपासून पहिले काही महिने दूर राहा. १९४८ मध्ये डेट्रॉइटला झालेल्या त्यांच्या पहिल्या गाजलेल्या ध्वनिमुद्रणात एक गिटार, एक आवाज आणि जमिनीवर आपटणारा पाय एवढेच आहे, पण तो पाय ऐकणाऱ्याच्या पायांचा ताबा घेतो. दहा किलोमीटर हळू धावायला निघालो असताना त्या नादाने मी पाच किलोमीटर सुसाट गेलो आणि उरलेले पाच फलाटावर गाडी चुकलेल्या माणसासारखा चालत आलो, हे कबूल करतो. रॉबर्ट जॉन्सन यांनी १९३६ आणि १९३७ मध्ये मिळून अवघी २९ गाणी ध्वनिमुद्रित केली आणि १९३८ मध्ये, सत्तावीस वर्षांचे असताना, ते गेले. त्यांच्याविना ब्लूजची ओळख अपुरी राहते हे खरे. तरीही त्यांच्या गिटारमध्ये एक प्रकारची धास्ती आहे आणि माझी तरी पावले त्यांच्यासोबत बिघडतात. ते रात्री घरी ऐकावेत.

प्रश्न : भारतात या संगीताचे काही आहे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : आहे, आणि एक धागा फार सुंदर आहे. अमेरिकन ब्लूज संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे की १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्थानकावर गाडीची वाट पाहत असताना त्यांनी एका माणसाला गिटारच्या तारांवर सुरीचे पाते दाबून, ते सरकवत वाजवताना ऐकले. तारेवर पोलाद सरकवून स्वर खेचण्याची ही रीत आणि आपल्या मोहनवीणेची मींड यांच्यात नाते जाणवायला शास्त्र शिकावे लागत नाही. मोहनवीणावादक विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांनी एकत्र केलेला अल्बम १९९३ मध्ये आला आणि त्याला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळाले. त्याच भट्टांनी ताजमहाल हे नाव धारण करणाऱ्या ब्लूज गायकाबरोबर आणि चित्रवीणावादक एन. रविकिरण यांच्यासह १९९५ मध्ये आणखी एक अल्बम केला. पहिला अल्बम मोठ्या धावेनंतर अंग मोकळे करताना ऐकावा. शिलाँगचा सोलमेट हा वाद्यवृंद आपल्याच देशातला आहे, आणि मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ साली सुरू झालेल्या महिंद्रा ब्लूज महोत्सवात पहिल्याच वर्षी अमेरिकन ब्लूज गिटारवादक बडी गाय वाजवून गेले आहेत.

प्रश्न : मला पहाटे रस्त्यावरच धावावे लागते. कानात गाणी लावणे कितपत सुरक्षित आहे? आणि शर्यतीच्या दिवशीही ब्लूज लावावे का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : अंधार असेल आणि वाहने चालू असतील तर गाणी नकोत, हे माझे पहिले उत्तर. उजाडल्यावर, रस्त्याच्या उजव्या कडेने, म्हणजे वाहने समोरून दिसतील अशा बाजूने धावा आणि इअरफोन एकाच कानात ठेवा, किंवा कान उघडे ठेवून गालाच्या हाडातून आवाज पोहोचवणारे हेडफोन वापरा. बाहेरचा आवाज पूर्ण बंद करणारी सोय रस्त्यावर चालू ठेवू नका. आवाज बेताचा असावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो आणि आवाज वाढला की ही मुभा झपाट्याने आटते. जुन्या ध्वनिमुद्रणांत खरखर असते आणि ती मागे टाकण्यासाठी आवाज वाढवण्याचा मोह होतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले. गायकाचे सगळे शब्द ऐकू आले नाहीत तरी चालेल, मागून येणाऱ्या रिक्षाचा भोंगा ऐकू आला पाहिजे.

शर्यतीच्या दिवशी ब्लूज लावू नये. त्या दिवशी आपल्याला जोरात धावायचे असते, आणि वाटेत लोकांनी वाजवलेले ढोल-ताशे कानांना पुरेसे असतात.